ऑनलाइन लिलावात पहिली बोली लावताय? आधी हे वाचा (नाण्यांच्या नादातून शिकलेलं)

माझ्याकडे एक चांदवडी रुपया आहे, आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडच्या टांकसाळीतला, हाताने ठोकलेला, जाडजूड, एका बाजूला सराफाचा बारीक ठसा मारलेला. चार वर्षांपूर्वी ऑनलाइन लिलावात घेतला. कॅटलॉगमध्ये अंदाज २००० ते २५०० लिहिला होता, मी मनात ३००० धरले होते आणि घेतला ५२०० ला, वर प्रीमियम (लिलाववाल्याचं घेणाऱ्याकडून घ्यायचं कमिशन), टॅक्स, कुरिअर वेगळं. दोनच महिन्यांनी तसाच रुपया, उलट अक्षरं जास्त स्पष्ट असलेला, २६०० ला गेला. पुढे एका नाणी प्रदर्शनात देवळाली कॅम्पचे एक काका भेटले, बोलता बोलता कळलं की त्या रात्री माझ्यासमोर तेच होते, आणि त्यांनीसुद्धा मनात ३००० च धरले होते. म्हणजे दोघंही नाशिकचे, दोघांच्याही मते वस्तू ३००० च्या वरची नाही, आणि तरी एकमेकांकडे बघून आम्ही ती ५२०० पर्यंत नेली.

त्या दिवसापासून मी बोली लावायची पद्धतच बदलली. नवीन मुलं विचारतात, काका कुठून सुरुवात करू, कोणत्या साइटवर करू, त्यांच्यासाठी सगळं एकदा सविस्तर लिहितो. उदाहरणं नाण्यांची देतोय कारण मला तेच येतं, पण पोस्टाची तिकिटं, जुनी घड्याळं, कॅमेरे, काहीही घ्यायचं असेल तरी गणित हेच आहे.

सगळ्यात आधी एक साधी वही घ्या. मोबाइलमध्ये नोट्स नको, वहीच, कारण लिलाव मोबाइलवर चालू असणार आणि आकडा डोळ्यासमोर पाहिजे. पहिले दोन लिलाव काहीही घेऊ नका, नुसते बघा. आवडलेले १५-२० लॉट (लिलावात नंबर देऊन ठेवलेली एकेक वस्तू) निवडा, प्रत्येकापुढे तुमच्या मते तो कितीला जाईल ते लिहा आणि लिलाव संपल्यावर खरा आकडा त्याच्यापुढे लिहा. बहुतेक लिलाववाले जुने निकाल साइटवर ठेवतात, तेही मागे जाऊन बघा, एकाच प्रकारच्या नाण्याचे चार-पाच निकाल तरी. दुकानदाराने किंवा ऑनलाइन विकणाऱ्याने लावलेली किंमत धरू नका, ती त्याची इच्छा आहे, कोणीतरी खरंच पैसे मोजले तो आकडा म्हणजे भाव.

आणि जुनं म्हणजे महाग हे डोक्यातून काढून टाका, नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो. १९०६ साली आपल्या जोगलटेंभीला नाण्यांचा साठा सापडला होता, नहपान क्षत्रपाची चांदीची १३ हजारांच्या वर नाणी, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवल्यावर आपला छाप पुन्हा मारलेला. एकाच ठिकाणी एवढी. आता विचार करा, जवळजवळ १९०० वर्षं जुनं नाणं, पण त्याच्यापेक्षा १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया कितीतरी जास्त पैशाला जातो, कारण तो लोकांच्या हातात फारच थोडा आला. भाव ठरतो तो किती नग उपलब्ध आहेत, किती लोकांना पाहिजेत आणि नग कुठल्या अवस्थेत आहे यावर. कॅटलॉगमध्ये लाल अक्षरात दुर्मिळ लिहिलंय म्हणून ५०० रुपये वाढवू नका, आधी जुन्या निकालांत तेच नाणं वर्षभरात किती वेळा आलं ते मोजा. सहा वेळा आलं असेल तर सातव्यांदाही येणार आहे.

डोळा तयार करायचा असेल तर त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची, तिथलं नाण्यांचं संग्रहालय बघून या. आपण नाशिककर त्र्यंबकेश्वरला दहा वेळा जातो आणि तिथे एकदाही थांबत नाही याचं मला फार वाईट वाटतं. खरं नाणं काचेमागे का होईना तासभर बघितलं की फोटोतलं नाणं वेगळं दिसायला लागतं.

आता माल तपासायचं. आपल्या भागात लिलाव कोणाला नवा नाही. लासलगावला, पिंपळगाव बसवंतला ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, व्यापारी ट्रॉलीत हात घालून कांदा काढतो, दाबून बघतो, साल बघतो, मगच आकडा बोलतो, आणि तरीही खाली करताना आतला माल हलका निघाला तर वांधा होतो आणि भाव तुटतो. ऑनलाइन लिलावात हात घालायला ट्रॉलीच नाही, फक्त फोटो आहे, आणि वांध्याची सोय अटींच्या पानावर कुठेतरी खाली दोन ओळीत लिहिलेली असते. त्या दोन ओळी आधी वाचा. नाणं नकली निघालं तर परत घेतात का, किती दिवसांत कळवायचं, परत पाठवायचा खर्च कोणाचा. जसं आहे तसं असं लिहिलं असेल तर बोली त्या हिशोबाने खाली ठेवा नाहीतर सोडून द्या.

फोटो मोठा करून कडेला बघा. ओतीव नकली नाण्याला कडेवर जोडाची रेघ दिसते, पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात. आपल्याकडे रुपयांच्या माळा करायची पद्धत होती, त्यामुळे कडी काढून घासलेले रुपये खूप येतात, वरच्या बाजूला १२ वाजताच्या जागी टाक्याचा डाग किंवा सपाट झालेली कड दिसते का बघा. चकचकीत केलेलं नाणं नवीन माणसाला भुरळ घालतं पण जाणकार त्याला कमी पैसे देतो. चांदवडी, गुलशनाबादी वगैरे हाताने ठोकलेल्या रुपयांत (गुलशनाबाद म्हणजे आपलं नाशिकच) ठसा मोठा आणि नाणं लहान असायचं, त्यामुळे टांकसाळीचं नाव किंवा साल बाहेर पडलेलं असतं, नाव पूर्ण दिसत असेल तर भाव वेगळा, अर्धं कापलेलं असेल तर वेगळा. माझ्या त्या ५२०० च्या रुपयावर साल नाहीये, फोटोत दिसत होतं की नाहीये, मी बघितलंच नाही कारण मी समोरच्याची बोली बघत होतो.

वर्णनात वजन दिलं नसेल तर ईमेल करून विचारा, जास्तीचे फोटोही मागा. राणी व्हिक्टोरियापासून १९३९ पर्यंतचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली. म्हणजे सामान्य सालाच्या रुपयाला सराफ बाजारातला चांदीचा आजचा भाव लावून खालची किंमत तुम्हाला स्वतःलाच काढता येते, त्याच्यावर संग्रहाची किंमत किती द्यायची ते ठरवा. वापरून थोडं झिजतं पण अर्धा ग्रॅम कमी असेल तर प्रश्न विचारा. १९३९ चा रुपया कोणी स्वस्तात देत असेल तर तिकडे वळूच नका, त्याची नकली खूप फिरतात, तो नामांकित ग्रेडिंग कंपनीच्या (नाणं तपासून त्याचा दर्जा ठरवणाऱ्या) सीलबंद डबीतच घ्यावा आणि डबीचा नंबर त्या कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळवून बघावा.

आता आकडा. तुमच्या मते वस्तूची किंमत आणि तुम्ही लावायची बोली हे दोन वेगळे आकडे आहेत. लिलावात जो आकडा पुकारला जातो ती हॅमर प्राइस, तुमच्या खिशातून जातं ते जास्त. समजा एका नाण्यासाठी सगळं धरून ६००० च्या वर एक रुपया द्यायचा नाही असं ठरवलंत. समजा लिलाववाल्याचा बायर्स प्रीमियम १५ टक्के आहे आणि त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वरचा बोजा १७.७ टक्के झाला. कुरिअर २०० धरा. ६००० मधून २०० काढले, ५८०० राहिले, त्याला १.१७७ ने भागा, येतात ४९२७. म्हणजे तुमची बोली ४९०० ला थांबली पाहिजे. प्रीमियम प्रत्येकाचा वेगळा असतो, मालावर वेगळा टॅक्स लागू असेल तो पण यात धरा, परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्युटी आणि तिकडचं पोस्टेजही. हा ४९०० चा आकडा वहीत लॉट नंबरच्या पुढे पेनाने लिहा. मी तर आदल्या दिवशी लिहितो, लिलावाच्या दिवशी त्याला हात लावत नाही, वाढवायचाच असेल तर त्यासाठी कारण लागतं आणि समोरच्याने वाढवलं हे कारण नाही.

हा आकडा वापरायचा कसा हे साइटवर अवलंबून आहे, म्हणून बोली लावण्याआधी दोन गोष्टी शोधा: मॅक्स बिडची सोय आहे का आणि लिलाव बंद कसा होतो.

मॅक्स बिड म्हणजे तुम्ही ४९०० टाकले तरी सिस्टिम लगेच ४९०० दाखवत नाही, तुमच्या वतीने गरजेपुरतं वाढवत जाते. समजा सुरुवात २००० ला आहे, एका टप्प्याला १०० वाढतात, दुसऱ्या कोणाचा मॅक्स ३६०० आहे, तर लॉट तुम्हाला ३७०० ला मिळतो, ४९०० ला नाही. म्हणजे किंमत दुसऱ्या नंबरच्या माणसाने ठरवली. नवीन लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं खरा आकडा टाकला तर साइट तेवढे सगळे घेणार, म्हणून ते २१०० टाकतात, कोणी पुढे गेलं की २३००, मग २५००, आणि प्रत्येक वेळी तुम्हाला मागे टाकलं असा मेसेज आला की रक्त गरम होतं. विल्यम विकरी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिलं होतं की जिंकणाऱ्याने दुसऱ्या नंबरची किंमत द्यायची असेल तर सगळ्यात शहाणपणाची बोली म्हणजे वस्तू आपल्याला खरंच जेवढ्याची वाटते तेवढीच, कमी नाही जास्त नाही. त्यांना पुढे १९९६ चं नोबेल मिळालं. पोस्टाच्या तिकिटांचे व्यापारी मात्र टपालाने बोली मागवताना ही पद्धत १९ व्या शतकाच्या शेवटापासूनच वापरत होते.

अर्थात हे तेव्हाच, जेव्हा लिलाव चालवणाऱ्यावर विश्वास आहे. तुमचा मॅक्स त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असतो, विकणाऱ्याचाच कोणीतरी माणूस खोटी बोली लावून तुम्हाला वर ढकलू शकतो. तुम्ही टाकलेला मॅक्स जवळजवळ पूर्ण वापरला गेला असं एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा होत असेल तर वहीत खूण करा आणि ती जागा सोडा. वही असण्याचा हाही फायदा, नाहीतर हे लक्षातच येत नाही. आणि दोघांचा मॅक्स सारखाच असेल तर बहुतेक ठिकाणी ज्याने आधी टाकला त्याला लॉट मिळतो, हे अटींत बघून ठेवा.

आता बंद कसा होतो. ईबेसारख्या ठिकाणी वेळ ठरलेली, घड्याळ शून्यावर आलं की संपलं, शेवटच्या सेकंदाला आलेली बोली पण चालते. अशा ठिकाणी मी शेवटच्या १० सेकंदात माझा पूर्ण मॅक्स एकदाच टाकतो. यात चोरी काही नाही. कारण इतकंच की थोडं थोडं वाढवणाऱ्या माणसाला विचार बदलायला वेळ मिळत नाही आणि माझी आवड आधी कोणाला दिसत नाही. दुसरा प्रकार म्हणजे शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो, तिथे शेवटच्या सेकंदाचा काही उपयोग नाही, उलट तुम्ही रात्री साडेअकराला डोळे चोळत बसलेले असता आणि थकलेला माणूस हो म्हणतो. ॲमेझॉनवर पूर्वी लिलाव चालायचे तेव्हा तिथे शेवटच्या बोलीनंतर १० मिनिटं वाढत होती. रॉथ आणि ओकेनफेल्स या दोन संशोधकांनी २००२ मध्ये दोन्ही साइट तुलना करून दाखवलं होतं की शेवटच्या क्षणी बोली लावायचं प्रमाण ईबेवर खूप जास्त होतं. म्हणजे नियम बदलला की माणसं बदलतात. वेळ वाढत असेल तर आपला मॅक्स आधीच टाकून जेवायला जा.

ईबेचं भारतातलं दुकान ऑगस्ट २०१८ मध्येच बंद झालं, आता तिथून घ्यायचं म्हणजे परदेशी साइटवरून, त्यामुळे वर सांगितलेली ड्युटी विसरू नका. आपल्याकडच्या नाण्यांच्या लिलावात जास्त करून हॉलमध्ये लाइव्ह लिलाव चालतो आणि घरून ऑनलाइन बोली लावता येते. इथे एका लॉटला अर्धा मिनिटसुद्धा मिळत नाही, स्क्रीनवरचा आकडा हॉलपेक्षा दोन सेकंद मागे असतो, आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे लाइट जाते. पहिली काही वर्षं तरी लाइव्हमध्ये बटण दाबू नका, आदल्या दिवशी मॅक्स टाकून ठेवा आणि लाइव्ह फक्त बघा. आणखी एक, रजिस्ट्रेशन शेवटच्या दिवशी करू नका, केवायसी, पॅन, कधी डिपॉझिट, मंजुरीला दोन-तीन दिवस जातात.

बजेट एकूण लिलावाचंही ठेवा. एका लॉटचा आकडा पाळला पण आठ लॉटवर मॅक्स टाकला आणि आठही लागले तर काय, हा प्रश्न आधी विचारा. माझ्या ओळखीच्या एका कॉलेजच्या मुलाला एकाच रात्री पाच लागले होते, पैसे भरता भरता त्याचे तीन महिने गेले आणि तिथून पुढे त्याचा आयडी बंद. बोली म्हणजे शब्द दिलेला असतो, नंतर नको म्हणता येत नाही.

दोन इशारे देतो, मनापासून. पहिला, ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट लाखात विका असे जे व्हिडिओ फिरतात आणि आधी कमिशन नाहीतर टॅक्स भरा म्हणतात ते सगळं खोटं आहे, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल पत्रक काढलं होतं की आमच्या नावाने कोणी जुन्या नोटा-नाण्यांसाठी फी मागत असेल तर देऊ नका. खऱ्या लिलावात विकणाऱ्याचं कमिशन विक्रीतून कापलं जातं, आधी मागत नाहीत. दुसरा, १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू धरलं जातं, ते तुम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही, परदेशातला मित्र मागतोय म्हणून पाकिटात टाकून देऊ नका. शेतात नांगरताना हंडा सापडला अशी गोष्ट सांगून कोणी आणून देत असेल तर तो खरेदीचा मालच नाही, १८७८ च्या कायद्याप्रमाणे त्याची खबर कलेक्टरला द्यायची असते. नेहमी बिल घ्या आणि जपून ठेवा, उद्या विकायला तेच लागतं.

बँकांनी जप्त केलेल्या फ्लॅट-दुकानांचे लिलाव पण ऑनलाइन असतात, ते नवशिक्याचं काम नाही. जिंकलात तर अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी, बाकीचे साधारण १५ दिवसांत, नाहीतर भरलेले पैसे जप्त. आत कोणी राहत असेल, सोसायटीची थकबाकी असेल, सगळं तुमच्या डोक्यावर. वकील घेतल्याशिवाय नको.

आणि लॉट लागला की एक प्रश्न स्वतःला विचारा, बाकीचे का थांबले. एका लॉटवर चार मोठे व्यापारी होते, ते सगळे ३००० ला सोडून गेले आणि मी एकटाच पुढे, तर मला काहीतरी दिसलंय जे त्यांना नाही, किंवा त्यांना दिसलंय जे मला नाही. समुद्रातल्या तेलाच्या जागांच्या लिलावात कंपन्यांचं हेच व्हायचं, १९७१ मध्ये तेल कंपनीतल्याच तिघांनी लिहून दाखवलं की जागा त्याला मिळते ज्याचा अंदाज वरच्या बाजूला सगळ्यात जास्त चुकलेला असतो. म्हणून जिथे बोली लावणारे खूप आणि वस्तूची मला खात्री कमी, तिथे मी माझा आकडा वाढवत नाही, उलट दहा टक्के खाली आणतो.

पार्सल आलं की उघडताना सलग व्हिडिओ काढा, पाकिटावरचा पत्ता, सील, कापणं, आतलं नाणं, सगळं एकाच व्हिडिओत. मग ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर वजन, चुंबक लावून बघणं, कॅटलॉगच्या फोटोशी ओरखडा न ओरखडा जुळवणं. काटा नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जा, दोन मिनिटांचं काम आहे. फरक वाटला तर त्याच दिवशी ईमेल, फोनवर नाही. सगळं जुळलं की बिलाचा नंबर वहीत टाका, आणि त्याच पानावर जे लॉट हातातून गेले त्यांचे आकडे पण लिहा, कितीला गेले आणि तुम्ही कुठे थांबला होता. माझ्या वहीत चांदवडी रुपयाच्या पानावर आता अकरा निकाल आहेत, सगळ्यात वरचा आकडा अजूनही माझाच ५२०० आहे.